दोन निकामी हबमधून एक चालता हब : डिचोलीच्या तीन गिअरच्या सायकलचं प्रकरण

पार्श्वभूमी

डिचोली तालुक्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांची ही सायकल. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना इथे गुरुजी म्हणतो, आणि ज्यांच्या हातांनी हे काम झालं त्यांना मिस्त्री. मिस्त्रींचं दुकान म्हापशाच्या बाजूला आहे. मापं घेणं, प्रत्येक भागाचा फोटो काढणं आणि नोंदी ठेवणं ही बाजू माझ्याकडे होती.

सायकल म्हणजे उंच, काळी, २८ इंची चाकांची. रॉडचे ब्रेक, पूर्ण बंद चेनकव्हर, मागे जाड पायांचा कॅरिअर आणि मागच्या चाकात तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या तारा जिथे येऊन मिळतात तो मधला भाग. हबच्या नळीवर ठसा होता : स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, ५८, ६. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा हा कारखाना हबवर वर्ष आणि महिना उमटवत असे, म्हणजे हा हब जून १९५८ चा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता, मुक्ती पुढे १९ डिसेंबर १९६१ ला झाली. गुरुजींच्या घरात सांगतात की त्यांच्या वडिलांनी ही सायकल नवी घेतली आणि ती मुरगाव बंदरात उतरलेल्या मालातली होती. ठशावरचं साल या सांगण्याला धरून आहे. अर्थात ठसा फक्त हबचं वय सांगतो, सायकलचं नाही. मागचं चाक मध्येच कधी बदललं गेलं असतं तरी ठसा तेवढंच बोलला असता.

एडब्ल्यू हा हब १९३६ मध्ये आला आणि पुढची कित्येक दशकं त्याचा गाभा जवळजवळ तसाच राहिला. आसाच्या मधोमध पक्कं बसलेलं २० दातांचं चक्र, त्याच्याभोवती फिरणारी २० दातांची छोटी चक्रं आणि त्या सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारी ६० दातांची रिंग. दुसऱ्या गिअरला पायडलची गती चाकाला सरळ मिळते, तिसऱ्याला ती एक तृतीयांशाने वाढते, पहिल्याला पाव हिश्श्याने कमी होते. या दातांच्या आकड्यांवर हे सगळं प्रकरण उभं आहे, म्हणून ते आधीच सांगितले.

अडचण

सायकल कित्येक पावसाळे ओसरीच्या कडेला टेकून होती, मागचं चाक पागोळ्यांच्या बाजूला. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हबच्या नळीवर तेल सोडायचं एक छोटं भोक असतं आणि त्याला टोपण असतं. इथे टोपण नव्हतं. पाणी थेट आत.

त्याआधीही कोणीतरी एक गोष्ट करून ठेवली होती : आतली सगळी यंत्रणा घट्ट ग्रीसने भरली होती. मन लावून केलेलं काम असणार ते, पण या हबला ते चालत नाही. याच्या आतले कुत्रे, म्हणजे दातांत अडकून चाक ओढणारे ते छोटे तुकडे, केसाएवढ्या बारीक तारेच्या स्प्रिंगवर उघडमीट करतात. ग्रीसमध्ये ते मिटतात आणि मिटलेलेच राहतात. बॉलच्या वाटेत ग्रीस हवं, आत पातळ तेल हवं.

परिणाम असा की पायडल फिरे आणि चाक जागेवर. उलट फिरवलं की एका जागी कच्चकन अडकायचं.

हब उघडल्यावर दिसलं ते असं. आसावरच्या मधल्या चक्राचे दात गंजाने एका बाजूला खाल्लेले. उजवीकडच्या बॉल रिंगच्या, म्हणजे नळीच्या तोंडात बसून बॉल धरणाऱ्या कड्याच्या वाटेत खड्डे. ड्रायव्हरच्या, म्हणजे मागची दातांची चकती ज्यावर बसते त्या भागाच्या बॉलच्या वाटेतही तेच. कुत्र्यांच्या स्प्रिंगा बोट लावताच तुटल्या. मात्र बाहेरची नळी उत्तम होती. तारांची भोकं गोल, कडा शाबूत, डाव्या अंगाच्या आतल्या दातांच्या धारा अजून कोरलेल्या. आणि क्लच, म्हणजे गिअर बदलताना आत सरकणारा चार हातांचा फुलीसारखा तुकडा, जाड ग्रीसच्या गोळ्यात झाकला गेल्याने कोराच राहिला होता. ज्या ग्रीसने कुत्रे मारले त्यानेच क्लच वाचवला. पुढे याचं महत्त्व कळलं.

दुसरा हब मिस्त्रींना वास्कोच्या भंगारात मिळाला. तोही एडब्ल्यू, पण सत्तरच्या दशकातला. याचं उलटं होतं. नळीची एक कड दोन भोकांच्या मध्ये चिरून गेलेली, म्हणजे तारा ताणायला ती निरुपयोगी. आतली यंत्रणा काळ्या, चिकट, जुन्या तेलात बुडालेली, पण गंजाचा ठिपका नाही.

समोरचे पर्याय

गावातल्या बहुतेक दुकानांनी एकच सल्ला दिला : गिअर विसरा, साधा हब आणि फ्रीव्हील टाका. दोन तासांचं काम, कुठेही मिळणारा माल. हा सल्ला वाईट नव्हता. पण गुरुजींच्या घरापासून बाजारापर्यंत चढ आहे आणि त्यांचं वय सत्तरीच्या पुढे. एकाच गिअरवर तो चढ त्यांना उतरून चालावा लागला असता. तीन गिअर ही इथे हौस नव्हती, गरज होती.

दुसरा पर्याय नवा तीन गिअरचा हब मागवण्याचा. २००० मध्ये स्टर्मी-आर्चरचा हा जुना व्यवसाय तैवानच्या सनरेस कंपनीकडे गेला आणि तिथे आजही तीन गिअरचे हब बनतात. आम्हाला समोर दिसत होते ते नवे हब ३६ भोकांचे होते, गुरुजींची रिम ४० भोकांची. म्हणजे हबबरोबर रिमही बदलणं आलं, शिवाय परदेशातून मागवण्याचा खर्च आणि वाट पाहणं.

तिसरा, जुन्याच हबसाठी सुटे भाग एकेक मागवायचे. यादी केली तर ड्रायव्हर, बॉल रिंग, आस, स्प्रिंगा, आसावरचे बॉल धरणारे कोन अशी ती वाढत गेली आणि नव्या हबच्या किमतीजवळ पोचली.

सायकल धुऊनपुसून हॉलमध्ये उभी करायची, असंही घरातल्या एकाने सुचवलं. गुरुजींनी ते ऐकूनसुद्धा घेतलं नाही.

उरला तो पर्याय म्हणजे एकाची नळी आणि दुसऱ्याची आतडी. भारतीय बाजारात मागच्या चाकाला ४० आणि पुढच्याला ३२ भोकांच्या रिमा आजही सहज मिळतात, कारण आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी इंग्लंडची तीच जुनी पद्धत धरून ठेवली. त्यामुळे ४० भोकांची नळी वाचवण्यात अर्थ होता. हीच नळी युरोपात कोणाच्या हाती असती तर तिच्यासाठी रिम शोधताना तो दमला असता.

भाग जुळवण्याआधीची खात्री

दोन्ही ठशांवर एडब्ल्यू असलं तरी मिस्त्रींनी तेवढ्यावर विसंबायला नकार दिला. पूर्वी कोणी आत दुसरंच काही बसवलं असेल तर? स्टर्मी-आर्चरचेच एएम नावाचे हब होते, त्यांचं गिअरचं प्रमाण वेगळं. पन्नाशीच्या दशकात एसडब्ल्यू नावाचा एक तीन गिअरचा हब निघाला, तो बाहेरून भाऊ वाटतो पण आतून परका आहे, त्याचे भाग एडब्ल्यूत चालत नाहीत. म्हणून दोन्हीकडचे दात मोजले. २०, २०, ६०. दोन्हीकडे तेच. यानंतरच पुढे जायचं ठरलं.

मग दुकानातल्या बाकावर दोन थाळ्या मांडल्या आणि एक तिसरी रिकामी ठेवली. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. कुठला भाग चांगला आणि कुठला खराब हे कोणीही पाहून सांगेल. खरा प्रश्न असतो कुठला भाग कोणाशी बांधलेला आहे हा. गिअर ओढणारी सळई आसाच्या लांबीशी बांधलेली असते. ज्या कोनावर बॉल फिरतात त्याची झीज त्याच्या जोडीदाराशी. दातांची चकती ड्रायव्हरच्या घडणीशी : पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत ड्रायव्हरवर आटे असत, पुढे तीन खाचांचे आले. आमचे दोन्ही खाचांचे निघाले, तेवढी एक चिंता कमी झाली.

उघडण्याचा क्रम

गुरुजींच्या चाकाच्या तारा गंजल्या होत्या, त्या कापायच्याच होत्या. दुकानातला मुलगा कटर घेऊन आलाही. मिस्त्रींनी त्याला थांबवलं. आधी बॉल रिंग, मग तारा.

कारण साधं आहे. बॉल रिंग नळीच्या उजव्या तोंडात आट्यांवर बसते आणि पायडल मारण्याच्या जोराने वर्षानुवर्षं घट्ट होत जाते. ती सोडवायला तिच्या खाचेत पंच टेकवून उलट दिशेने हातोडी मारावी लागते. चाक तारांसह असलं की टायर दोन गुडघ्यांत धरून नळी पक्की राहते. तारा कापल्या की हातात उरते ती गुळगुळीत नळी, तिला धरायचं कुठे? व्हाइसमध्ये दाबली तर जी कड वाचवायची तीच वाकणार. गुरुजींचं चाक आडवं टाकून रिंगच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडलं, रात्रभर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी ती सुटली. भंगारातल्या हबला तो विचार नव्हता. त्याची नळी जाणारच होती, म्हणून ती बिनधास्त व्हाइसमध्ये.

सफाईच्या वेळी शेजारच्या एका काकींनी माडाच्या व्हिनेगरची बाटली आणून दिली. तांब्या-पितळेला जसं चिंच-आमसूल तसं गंजाला हे, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही आहे. नट आणि वॉशर त्यात रात्रभर टाकले, स्वच्छ निघाले. पण कुत्रे, स्प्रिंगा आणि दातांचे भाग आंबटात घातले नाहीत. पाणी देऊन कडक केलेल्या पोलादाला आम्ल लागलं की त्याला बारीक खड्डे पडतात, आणि बारीक स्प्रिंग ठिसूळ होऊन ऐन वेळी मोडू शकते. ते सगळं डिझेल आणि दात घासायच्या ब्रशवर झालं.

तिसऱ्या थाळीत जमत गेलं ते असं : नळी ५८ ची. प्लॅनेट केज (छोटी चक्रं धरणारा पिंजरा), गिअर रिंग (ती ६० दातांची), बॉल रिंग, ड्रायव्हर, क्लच सत्तरच्या दशकातले. डावा कोन पुन्हा ५८ चा, कारण दुसऱ्याचा चुरचुरत होता. कुत्र्यांच्या स्प्रिंगा नव्या. बॉल रिंगमध्ये ३/१६ इंचाचे २४ बॉल, तेही नवे. जुने बॉल चकचकीत दिसले तरी परत घालू नयेत. एखादा जरी झिजला असेल तरी भार बाकीच्यांवर जातो.

आसाचा निर्णय

इथे सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता.

५८ चा आस सव्वासहा इंचांचा होता. भंगारातल्या हबचा पावणेसहा इंचांचा, बहुधा हलक्या सायकलीतून आलेला. मधलं चक्र आसावरच पक्कं असतं, त्यामुळे आस एकाचा आणि चक्र दुसऱ्याचं असं करता येत नाही. लांब आस घेतला तर खाल्लेले दात पदरात. आखूड घेतला तर दात उत्तम, पण टोकाला जागा कमी.

अर्धा इंच म्हणजे किती? या आसावर इंचाला २६ आटे असतात. म्हणजे दोन्ही टोकं मिळून तेरा आटे गेले. गुरुजींच्या सायकलला मागच्या आसावर काय काय लटकत होतं ते मोजा : फ्रेमची जाड पट्टी, मडगार्डचे पाय, कॅरिअरचे पाय, दोन पायांचा स्टँड, चेनकव्हरची पट्टी, आणि आस फिरू नये म्हणून लागणारे खाचेचे वॉशर. हे सगळं आखूड आसावर चढवून पाहिलं तर नट जेमतेम दोन-तीन आट्यांवर धरत होता.

लांब आस वापरण्याच्या बाजूने बोलण्यासारखं होतं. सगळं मूळ जागी बसलं असतं, गुरुजी खूश झाले असते. पण पहिल्या आणि तिसऱ्या गिअरला सगळा भार त्याच वीस दातांवरून जातो. खाल्लेला दात आज ना उद्या तुटणार, आणि तुटलेला तुकडा फिरत्या चक्रांत गेला की चांगला जमवलेला बाकी संचही संपला. आखूड आसाची अडचण मात्र बाहेरची होती. ती डोळ्यांना दिसते, पान्याने सोडवता येते. मिस्त्रींनी आखूड आस निवडला. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

गुरुजींना तो पटायला वेळ लागला.

“मिस्त्री, स्टँड काढलात तर बाजारात सायकल उभी कुठे करू? भिंत शोधत हिंडू?”

“गुरुजी, नटाला आटेच उरत नाहीत. उतारावर मागचं चाक निसटलं तर स्टँडचं काय करायचं?”

“आणि कॅरिअर? नारळाचं पोतं कशावर आणणार?”

“कॅरिअर ठेवतो. पण पोतं नाही. पिशवी.”

शेवटी तोडगा निघाला तो असा. दोन पायांचा स्टँड निघाला, त्या जागी फ्रेमच्या खालच्या नळीला आवळणारा बाजूचा स्टँड आला. कॅरिअरचे पाय आसावरून काढून सीटखालच्या नळ्यांना क्लिपांनी बांधले. चेनकव्हरची पट्टी आतल्या बाजूने वळवली. मग आसावर उरले फ्रेम, मडगार्डचे पाय आणि खाचेचे वॉशर, आणि नटाच्या बाहेर आसाचं टोक डोकावू लागलं. त्या वॉशरवर मिस्त्रींनी अजिबात तडजोड केली नाही. पहिल्या गिअरला आस स्वतःभोवती वळायला बघतो. वॉशरचा कान फ्रेमच्या खाचेत नसेल तर आस वळतो, नट ढिला होतो आणि गिअरची तार चुकते, तिन्ही एकदम.

आस सत्तरच्या दशकातला म्हणून गिअर ओढणारी साखळीची सळईही त्याच्याबरोबरची घेतली. ५८ ची सळई लांब होती, ती या आसात गिअर चुकवत राहिली असती.

चाक बांधणं आणि चकती

बॉल रिंगचे आटे दुहेरी सुरुवातीचे असतात. म्हणजे रिंग दोन जागांवरून आत जाऊ शकते आणि जागा बदलली की चाकाचा तोल किंचित हलतो. जुनं चाक तसंच ठेवून नुसती रिंग काढून घालायची असेल तर आधीची सुरुवात खुणेने लक्षात ठेवावी लागते. आमच्याकडे रिंग दुसऱ्याच हबची, तेव्हा मूळ जागा असं काही नव्हतंच. मिस्त्रींनी उपाय सरळ केला : आधी रिंग घट्ट बसवली, रिंगवर आणि नळीवर पंचाने एकेक ठिपका मारला, आणि मग नवी ४० भोकांची रिम बांधून चाक सरळ केलं. पुढे कोणी हब उघडला तर ठिपक्यासमोर ठिपका आणायचा.

यंत्रणा आत घातल्यावर उजवा कोन बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा मागे घेतला आणि लॉक केला. ही कारखान्याची पद्धत आहे, कारण उजवा कोन आतल्या यंत्रणेची जागा ठरवतो. चाकाची ढिलाई मग फक्त डाव्या कोनावर काढायची. अनेक दुकानांत दोन्हीकडून आवळतात आणि मग गिअर का लागत नाहीत ते कळत नाही.

चकतीचा प्रश्न चढामुळे आला. पुढे ४६ दात आणि मागे १८ असले की पहिल्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण ४.३ मीटर जाते. सत्तरीतल्या गुडघ्यांना ते जड. २२ दात टाकले तर ते साडेतीन मीटरवर येतं, चढाला उत्तम. पण २२ दातांची चकती घातली तेव्हा चेन बंद चेनकव्हरला आतून घासू लागली. चेनकव्हर काढायला गुरुजी तयार नव्हते, ते पायजमा घालतात. २० वर थांबलो : पहिल्याला ३.८५ मीटर, दुसऱ्याला ५.१, तिसऱ्याला ६.८ च्या जवळ. चेनची लांबी जुन्या मापाचीच ठेवली आणि चाक सहा-साडेसहा मिलिमीटर पुढे घेतलं. त्यामुळे मागच्या ब्रेकचे रबर मात्र नव्याने जुळवावे लागले.

तिसऱ्या गिअरचं सुटणं

सगळं जोडून मिस्त्री स्वतः फिरायला गेले. पहिला, दुसरा व्यवस्थित. तिसऱ्या गिअरला उभं राहून जोर दिला की पायडल एकदम पोकळ होऊन पुढे जाई. हे किरकोळ नाही. असा पाय सुटला की माणूस हँडलवर छातीने आदळतो.

एडब्ल्यूमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एक पोकळ जागा असते, तिथे काहीच लागत नाही. तार चुकीची लावली की क्लच त्या जागेत अडकतो. म्हणून संशय आधी तारेवर. दुसरा गिअर लावून उजव्या नटाच्या खिडकीतून पाहायचं : सळईचा खांदा आसाच्या टोकाशी समपातळीत हवा. होता. मग पक्की परीक्षा : तार पूर्ण सोडून टाकायची. तार नसली की आतली स्प्रिंग क्लच आपोआप तिसऱ्यावर नेते. तशी सायकल चालवली. तरीही सुटली. म्हणजे तारेचा दोष नव्हता, आतला होता.

पुन्हा उघडलं. भिंगाखाली भंगारातल्या हबचा क्लच धरला तेव्हा दिसलं. चार हातांच्या कडा, ज्या काटकोनात हव्यात, त्या गोल झाल्या होत्या. तिसऱ्या गिअरला याच कडा प्लॅनेट केजमधल्या खिळ्यांना धरून ओढतात. गोल कडेवरून खिळा घसरतो. नुसत्या डोळ्यांना तो क्लच ठीक दिसला होता, कारण चमकत होता. त्याच्या बाजूला ५८ चा क्लच ठेवला, तो ग्रीसने झाकून राहिलेला. रंगाने काळा, पण कडा नखाला टोचणाऱ्या.

आता प्रश्न असा की ड्रायव्हर एका दशकातला आणि क्लच दुसऱ्या. क्लच ड्रायव्हरच्या खाचांत सरकवून पाहिला. न अडता गेला, आडवा हलला नाही. खिळेही भिंगाखाली पाहिले, झीज होती पण कडा होत्या. स्प्रिंग दाबून पाहिली, दम होता. तोच क्लच बसवला. यावेळी आधी तारेशिवाय चालवून पाहिली, उभं राहून, चढावर, जितका जोर देता येईल तितका देऊन. सुटली नाही. मग तार लावली.

निष्पत्ती

सायकल रोज चालते. गुरुजी पहिल्या गिअरवर सायकलवरून न उतरता चढ पार करतात. हबला महिन्याकाठी पातळ तेलाचे काही थेंब आणि टोपण घट्ट, एवढंच पथ्य. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला जो टिकटिक आवाज येतो तो तब्येतीची खूण आहे हे गुरुजींना समजावलं : मागे पडणारे कुत्रे दातांवरून उड्या मारतात त्याचा तो आवाज. पहिल्याला तो बंद होतो. टिकटिक एकसारखी असेपर्यंत चिंता नाही. ती लंगडी झाली, एक टिक येऊन दुसरी गळू लागली, तर एक कुत्रा झोपला असं समजून दुकान गाठायचं. ते आता कानाने ओळखतात.

कॅरिअरवर पोतं जात नाही. ही मर्यादा खरी आहे आणि गुरुजींना ती बोचते.

वेगळं काय करता आलं असतं

भाग थाळीत ठेवतानाच क्लच भिंगाखाली जायला हवा होता. मिसळलेल्या हबमध्ये तिसऱ्या गिअरचं बळ या एका तुकड्याच्या कडांवर असतं, तेव्हा दात मोजण्याच्या बरोबरीने ही तपासणी पहिल्या दिवसाची. दोन हब समोर असताना ‘चांगल्या’ हबचा संच अख्खा उचलावा असं वाटतं आणि बहुतेक वेळा ते योग्यही असतं, पण प्रत्येक भाग वेगळा पाहिल्याशिवाय नाही.

दुसरं, चेनकव्हर, ब्रेक, मडगार्ड असा सगळा साज चढवण्याआधी नुसतं चाक आणि चेन लावून, तारेशिवाय तिसऱ्या गिअरवर जोराची परीक्षा घेता येते. दोष असेल तर तिथेच कळतो आणि चेनकव्हर दुसऱ्यांदा खोलण्याचे कष्ट वाचतात. मिस्त्रींनी आता हा क्रम दुकानात पक्का केला आहे.

आसाबद्दल एक वाट होती ती आम्ही घेतली नाही : सव्वासहा इंची चांगला आस मिळेपर्यंत काम थांबवणं. पावसाळा तोंडावर होता आणि गुरुजींना सायकल हवी होती, त्यामुळे त्या वेळी थांबण्याचं कारण नव्हतं. पण ज्याला घाई नाही त्याने थांबावं. कॅरिअर आणि स्टँड मूळ जागी राहतात.

उरलेले भाग फेकलेले नाहीत. ५८ ची लांब सळई चिठ्ठी बांधून ठेवली आहे. मिस्त्री प्रत्येक भंगारवाल्याला लांब आसाबद्दल विचारून ठेवतात. तो मिळाला की नळी, रिंग आणि चाकाला हात लागणार नाही. आस आणि सळई बदलायची, उजवा कोन पुन्हा अर्धा फेरा मागे घेऊन लॉक करायचा, तार नव्याने लावायची आणि स्टँड परत त्याच्या जागी.